सावळगावची वही

दूधविनायक, काशी
शुक्रवार, १ ऑक्टोबर १९९३

चि. ढुंढिराज,

एवढं लिहून पाव तास नुसता बसून होतो. पाठशाळेत पंचवीस वर्षं मुलांना सांगत आलो, की पत्राच्या आरंभी येणाऱ्या 'चिरंजीव'ला फार अर्थ नसतो, तो नुसता शिष्टाचार. आज त्या एका अक्षराला धरून बसलोय. ते मी खोडणार नाही. तूही खोडू नकोस.

चौदा वर्षांनी लिहितोय, तेव्हा ओळख द्यायला हवी. मी वेणीमाधव, तुझा थोरला भाऊ. वय बावन्न. केस गेले, त्यांच्या जागी पोट आलं. सकाळी दुर्गाघाटावर आपली गादी सांभाळतो, दुपारी व्याकरण शिकवतो. अण्णा त्र्याऐंशी वर्षांचे आहेत. दोन वर्षांत घाट उतरलेले नाहीत, आणि कानांनी त्यांची साथ सोडली आहे. जिभेने सोडलेली नाही.

तुझी वहिनी म्हणते, हे सगळं तुला माहीत आहे. तू दर दिवाळीला तिला कार्ड टाकतोस आणि ती संक्रांतीला उत्तर देते म्हणे. मला हे काल कळलं. कार्डं साबुदाण्याच्या डब्यात होती. त्याच डब्यातली खिचडी दर एकादशीला खाणारा मी, आणि मला पत्ता नाही! काल तिने एक कार्ड काढलं, मजकुरावर तळहात ठेवला आणि म्हणाली, "पत्ता तेवढा वाचा. बाकीचं तुम्हाला लिहिलेलं नाही."

पत्ता: प्राथमिक शाळा, मुक्काम सावळगाव, तेरणेच्या काठी.

काल सकाळी आकाशवाणीने भूकंपाची बातमी दिली. लातूर, उस्मानाबाद. गावांची नावं सांगितली त्यांत सावळगाव नव्हतं. मला बरं वाटलं. दुपारी कळलं, की ज्या गावांची खबर द्यायलाच कुणी उरलं नाही त्यांची नावं बातमीत येत नाहीत.

आता हसायची गोष्ट. तुझा दादा, ज्याला विजेचा पंखा दुरुस्त करता येत नव्हता, तो परीक्षा देऊन परवाना मिळवलेला हौशी रेडिओवाला आहे. छतावरच्या खोलीत संच आहे, ट्रकची जुनी बॅटरी आहे, आणि पिंपळापासून कठड्यापर्यंत ताणलेली तार आहे, जिच्यावर शेजारची धोतरं वाळतात. तू गेल्यावर घरातल्या माणसांशी बोलावंसं वाटेना, म्हणून परक्यांशी बोलायला शिकलो. भूकंपाच्या भागात तारा, टेलिफोन सगळं पडलंय. आमच्यातलेच काही जण तिथे संच घेऊन पोचलेत, आणि माझ्यासारखे दूर बसलेले निरोप पोचवतात. 'अमक्याचा मुलगा सुखरूप आहे का' असं विचारायचं, उत्तर आलं की सांगायचं. एक निरोप पंचवीस शब्दांचा. विद्यापीठातले, रेल्वेतले, बँकेतले तिकडचे लोक आज सकाळपासून आपल्या गलीत रांग लावून उभे आहेत. वहिनी त्यांना चहा देते आणि कागद भरून घेते.

आमचा एक नियम आहे. आपल्या माणसाची चौकशी सर्वांत शेवटी. मला तो नियम फार आवडतो.

पोस्टात गेलो होतो. "पंडितजी, उधर की डाक बंद है," म्हणाले. तेव्हा हे पत्र माझ्याचकडे राहील. सध्या मलाच ते लिहायचं आहे.

तुझा दादा


रविवार, ३ ऑक्टोबर

चि. ढुंढिराज,

पितृपंधरवडा लागलाय, म्हणजे घाटावर उभं राहायला जागा नाही. सकाळी लोकांच्या मेलेल्यांना पाणी द्यायचं आणि वर येऊन लोकांच्या जिवंतांची चौकशी करायची, असा माझा दिनक्रम आहे. मधल्या जिन्यावर तेवढा माझा मी असतो.

तुमच्या भागातल्या छावणीत संचावर बकुळ नावाच्या बाई आहेत. सोलापूरच्या, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात. आवाजावरून तिशीच्या, जिभेवरून साठीच्या.

"गुरुजी, निरोप संपला की 'इति' काय म्हणता? ओव्हर म्हणा."

"सवय हो, बाई."

"आणि 'हो बाई' म्हटल्यावरही ओव्हर म्हणा. ओव्हर."

काल त्याच बाईंचा आवाज खाली बसला होता. म्हणाल्या, "गुरुजी, सावळगावात कुठल्या घरात किती माणसं होती हेच कुणाला सांगता येत नाहीये. पंचायतीची खोली बसली, दप्तर खाली गेलं. जे वाचले ते दवाखान्यांत पांगलेत. जवान विचारतात, किती जण शोधायचे? थांबायचं कधी? ओव्हर."

मी म्हटलं, "माझ्याकडे आहे."

"काय आहे?"

"नावं. घरवार. आजा, बाप, मुलगे, सुना, नातवंडं."

"बनारसला?"

"दोनशे वर्षं इथेच आहेत."

त्या मग म्हणाल्या, "सांगा. सावकाश सांगा."

तुला वेगळं सांगायला नको. आपल्या घराण्याकडे तेरणाकाठची सात गावं. तिथलं कुणीही काशीला आलं की आपल्याच घाटावर येणार, आपल्याच वहीत आपली पिढी लिहून जाणार. सावळगावची वही मी फडताळातून काढली. बासनाला कापराचा वास तसाच आहे. एकेचाळीस घरं. गेलेल्यांच्या नावापुढे फुली असते, ती वगळून मी काल संध्याकाळी आणि आज सकाळी मिळून दोनशे एकोणतीस नावं वाचली. एकेक नाव दोनदा.

एकोणऐंशीपर्यंतची नावं तुझ्या अक्षरात आहेत. त्या साली तू गंगाजलाच्या झाऱ्या घेऊन यजमानांच्या गावी फिरतीवर गेलास, घरोघर बसून ही वही नीट केलीस, वही टपालाने परत पाठवलीस आणि स्वतः तिथेच राहिलास. सुवाच्य लिहितोस. एवढं म्हणायला मला चौदा वर्षं लागली.

आज दुपारी बकुळबाई म्हणाल्या, "गुरुजी, एका घरात तुम्ही सात नावं सांगितली होतीत. सहा सापडली होती. जवान निघालेच होते. सातवी म्हातारी उतरंडीच्या आडोशाला जिवंत होती. ओव्हर."

मी खाली धावत जाऊन अण्णांच्या कानात ओरडलो. त्यांनी विचारलं, "कुठल्या घरातली?" मी सांगितलं. म्हणाले, "तिच्या सासूचं श्राद्ध मी केलंय."

आता छावणीत माझीच यादी प्रमाण आहे. तिच्या प्रती काढल्यात. एकेका घरापुढे खूण करत जातात. मला गर्व झाला. पत्रात लिहितोय म्हणजे खरंच झाला असणार.

तुझी चौकशी अजून केलेली नाही. माझ्यापुढे अडतीस निरोप आहेत. नियम आहे.

दादा


सोमवार, ४ ऑक्टोबर

ढुंढिराज,

आज घाटावर तर्पण करताना माझी पंचाईत झाली. तू शास्त्र विसरला असलास तर आठवण देतो. तू जिवंत असलास तर तुला तिलांजली द्यायची नाही. मेला असलास तर आपण तुला देऊ शकत नाही. जिवंतपणीच मेला मानून ज्याचा घट फोडला त्याला पाणी नाही. ओंजळीत तीळ घेऊन मी उभा राहिलो आणि पाण्यात पडले ते तीळ कुणाचे ते मला माहीत नाही.

तुझा घट कसा फोडला हे तुला कुणी सांगितलं होतं का? वहिनीने कार्डात लिहिलं नसेल. तू गीताशी लग्न केल्याचं पत्र आलं. आपल्याच यजमानाची मुलगी, जातीबाहेरची, त्यातून एकोणिसाव्या वर्षी विधवा झालेली. अण्णांनी दोन दिवस अन्न घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी अंगणात पाण्याने भरलेला घट मांडला, मोलकरणीने तो पायाने लवंडला, आणि आम्ही सगळे स्नान करून आलो. त्या दिवसापासून या घरात तुझं नाव घेतलेलं नाही. आधी अण्णांच्या धाकाने, मग सवयीने. सवय जास्त घट्ट निघाली.

वहिनीने आज काय केलं ऐक. दुपारी निरोपांच्या गठ्ठ्यात सर्वांत वर तिच्या अक्षरातला एक कागद होता. नाव: ढुंढिराज. गाव: सावळगाव. विचारणाऱ्याचं नातं: वहिनी.

मी तो गठ्ठ्याच्या तळाशी ठेवला.

ती दारात उभी होती. "कितवा लागेल?"

"नियम आहे, प्रभावती."

"तुमच्याकडे नेहमी नियम असतो. हवा तो सापडतो."

संध्याकाळी गठ्ठा संपेपर्यंत आवाज विरत गेला. तुझा कागद तेवढा राहिला. शेवटी बकुळबाई म्हणाल्या ते स्पष्ट ऐकू आलं: "सावळगाव पूर्ण झालं. एकेचाळीसही घरांवर खूण झाली. जवान उद्या पुढच्या गावी जातील."

मी 'ठीक आहे' म्हटलं. 'ओव्हर'सुद्धा म्हटलं.

पुढचं लिहवत नाही.


मंगळवार, ५ ऑक्टोबर

ढुंढिराज,

आज सकाळी सात वाजता तुझा कागद हातात घेतला. नियम मोडून पहिलाच. तुझं नाव मोठ्याने घ्यायला तोंड उघडलं तर आवाज निघेना. बकुळबाई "गुरुजी? गुरुजी?" करत राहिल्या. शेवटी घेतलं. चौदा वर्षांनी ते मला अण्णांच्या आवाजासारखं ऐकू आलं.

तिकडे कागद चाळल्याचा आवाज. मग: "या नावाचा माणूस सावळगावात नाही. तुमच्याच यादीत नाही, गुरुजी. एकही घर राहिलेलं नाही. ओव्हर."

माझ्याच यादीत नाही.

कसा असशील? तू आपल्या घरचा, यजमान नव्हेस. तुझं नाव आपल्या वंशावळीत होतं, तिथे अण्णांनी काट मारली. आणि गीताचं? पाच वर्षांपूर्वी तिचा भाऊ बापाच्या अस्थी घेऊन घाटावर आला होता. नावं सांगताना म्हणाला, "आमची गीता, तिचा मालक, तिची पोरगी." मी लेखणी थांबवली आणि म्हटलं, "लग्न झालेल्या मुली सासरच्या वहीत लिहितात." तो माझ्याकडे पाहत राहिला. सासर म्हणजे मीच की! बिचारा दक्षिणा ठेवून, पाया पडून गेला.

म्हणजे तुम्ही तिघं माहेरच्या वहीत नाही, सासरच्या वहीत नाही. गावात बेचाळिसावं घर होतं आणि मी एकेचाळीस वाचली. दोनदोनदा.

मी ओरडलो, "बाई, एक घर राहिलंय! शाळेजवळ! मी सांगितलं नाही, माझी चूक आहे, तिथे माणसं आहेत!"

त्या मग हळू म्हणाल्या, "माळावरच्या शाळेशेजारची खोली? तिला सगळे शाळेचं कोठार समजले." पुढे म्हणाल्या, "गुरुजी, एक मुलगी आहे. दहा-अकराची. तीन दिवस झाले, रोज तंबूत येते आणि म्हणते, आमचं घर राहिलं. आम्ही यादी बघतो आणि सांगतो, बाळ, सगळी घरं झाली. सगळ्यांना वाटलं, धक्क्याने बोलतेय. तुमच्या भावाच्या मुलीचं नाव काय? ओव्हर."

ढुंढिराज, मला सांगता येईना. सावळगावातल्या दोनशे एकोणतीस माणसांची नावं मला आता पाठ आहेत. कुणाच्या आजीचं माहेर कुठलं ते सांगेन. माझ्या पुतणीचं नाव मला ठाऊक नव्हतं.

मागून वहिनी म्हणाली, "गंगा." हातात लाटणं होतं. "सांगा त्यांना. गंगा नाव आहे तिचं. पाचवीत आहे. उजव्या भुवईवर व्रण आहे, झोपाळ्यावरून पडली होती."

मी बटण दाबलं, "गंगा" म्हटलं, आणि संच मुका झाला.

छतावर गेलो तर पिंपळावरच्या माकडांच्या अख्ख्या कुटुंबाने तार तोडून ओढत नेली होती. मोठं माकड तिचं टोक दातांत धरून कठड्यावर बसलं होतं. मी हात जोडले. खोटं लिहीत नाही, हात जोडले. वहिनीने त्याला लाटणं फेकून मारलं. ते पलीकडच्या छतावर गेलं, तार खाली गलीत लोंबली, खालून दूधवाला ओरडला, "पंडितजी, बिजली का तार है क्या? मर जाएँगे हम!" धोतर खोचून मी कठड्यावर चढलो. वहिनीने मागून माझी कंबर धरली होती. "पडलात तर उभ्या गलीला सांगेन माकडाशी भांडताना पडले," म्हणाली आणि रडायला लागली.

जोडायला सव्वा तास लागला. तोवर ऊन चढलं होतं, आणि ऊन चढलं की दूरचा आवाज पोचत नाही. दुपारी चारपर्यंत नुसती खरखर. मी संचासमोर बसून तेवढं एकच वाक्य ओरडत राहिलो, बेचाळिसावं घर, शाळेजवळ. कुणी ऐकलं असेल नसेल. बहिऱ्या अण्णांनीसुद्धा खालून काठी आपटून विचारलं, "कसला जप चाललाय?"

चार वाजून दहा मिनिटांनी बकुळबाई: "पुढच्या गावी निघालेले जवान सकाळीच परत फिरवलेत. खणतायत. मुलगी तिथेच उभी आहे. हटत नाही. थांबा."

मी थांबलोय.


बुधवार, ६ ऑक्टोबर

ढुंढिराज,

तू जिवंत आहेस.

हे वाक्य लिहिताना मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, काल पाच वाजता, निदान एक मिनिटभर. सोलापूरच्या दवाखान्यात पहिल्याच दिवशी ट्रकने आणलेल्यांमध्ये डोक्याला आणि पायाला मार लागलेला एक माणूस आहे, काल शुद्धीवर आला आणि आपण सावळगावचे मास्तर असं सांगतो, पण यादीत नाव सापडत नाही, असा निरोप तिथल्या संचावर पडून होता. गणपतीचं विसर्जन करून आल्यावर तू शाळेच्या पोरांबरोबर पटांगणातच झोपलास आणि गंगाही हट्टाने तुझ्याजवळ झोपली, हे तिने बकुळबाईंना सांगितलं. शाळेची भिंत तुझ्यावर आली. तिच्यावर आली नाही.

गीता घरात झोपली होती. ती आज सकाळी सापडली.

तुला हे आधी कुणी सांगितलं असेल. मी पहिला नसावा अशी माझी प्रार्थना आहे, आणि मीच सांगायला हवं होतं हेही खरं.

मी बकुळबाईंना विचारलं, "कुठल्या दिवशी गेली?"

"का?"

मी म्हटलं, "सूतक मृत्यूच्या दिवसापासून मोजतात. मला दिवस लागेल."

त्या म्हणाल्या, "तुम्हाला कुठला दिवस सोयीचा आहे, गुरुजी?"

त्यांना कळलं होतं. मला शास्त्रासाठी दिवस नको होता. तीस तारखेला पहाटे गेली असेल तर माझी यादी नुसतीच अपुरी. त्यानंतर गेली असेल तर... तेव्हा खणणारी माणसं एकेचाळीस दारांशी होती, आणि त्यांच्या हातात माझी यादी होती.

"डॉक्टरांनी तीस लिहिलंय," त्या म्हणाल्या. मी सुस्कारा सोडला असेन, बटण दाबलेलंच होतं. कारण त्या पुढे म्हणाल्या, "सगळ्यांनाच तीस लिहितायत. ओव्हर."

एवढंच. याच्या पलीकडचं मला कधी कळणार नाही. तुलाही नाही.

खाली आलो तर वहिनीने देव झाकले होते. चूल वेगळी मांडली होती. गलीतल्या प्रत्येकाला दिसेल असं दारात उभं राहून घाटावरच्या माणसाला सांगितलं, "दहा दिवस आमच्याकडे कुणाचं श्राद्ध नाही. सूतक आहे. जाऊबाई गेल्या." ऐन पितृपक्षात! घट फोडलेल्याचं सूतक नसतं, असं मला म्हणता आलं असतं. आधार आहे, ग्रंथ आहे, पानही माहीत आहे. मी तिथेच बाहेरच्या ओट्यावर बसलो.

अण्णांनी विचारलं, "देव का झाकलेत?" वहिनीने त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं. ते थोड्या वेळाने आपली घोंगडी ओढत बाहेर आले आणि माझ्यापासून चार हातांवर बसले.

सूतक मी ऐकल्या दिवसापासून पूर्ण दहा धरलं. मृत्यूचा दिवस निवडणं माझ्याच्याने झालं नाही.


शनिवार, ९ ऑक्टोबर. अविधवा नवमी

ढुंढिराज,

रेल्वेतले विश्वेशराव इथल्या मराठी मंडळातर्फे कपडे आणि औषधं घेऊन आज सोलापूरला निघतायत. ही सगळी पत्रं त्यांच्याबरोबर देतोय. वाचायची की नाही ते तू ठरव. पण एक गोष्ट आणखी लिहिल्याशिवाय गठ्ठा बांधला तर पुन्हा तेच केल्यासारखं होईल.

एकोणऐंशी साली अण्णांनी मला बोलावून सांगितलं, "घटस्फोटाचा विधी काढ." मी काढला. वाचून दाखवला. त्याच ग्रंथात, त्याच्या लगेच पुढे, परत घेण्याचा विधी आहे. सगळ्या सपिंड भाऊबंदांनी त्या माणसाबरोबर तीर्थात स्नान करायचं, नवा घट भरून पाण्यात सोडायचा, आणि तो माणूस पुन्हा घरचा. जेमतेम दोन ओळी. मी तिथे पोथी मिटली.

का मिटली ते सांगतो. त्या वर्षी मला नागपूरच्या कॉलेजातली जागा मिळाली होती. गादी तू सांभाळणार होतास, तसं ठरलं होतं. तू तिकडे राहिलास म्हणून मी इथे राहिलो. तू लग्न केलंस याचा मला राग नव्हता रे. गीताला मी पाहिलंही नव्हतं. तू सुटलास याचा राग होता. धर्माचं नाव वर होतं, म्हणून आत काय आहे ते कुणी पाहिलं नाही. वहिनीने पाहिलं असावं.

आज अविधवा नवमी. सवाष्ण गेलेल्यांची तिथी. शास्त्राप्रमाणे पहिल्या वर्षी हे करत नाहीत, शिवाय आम्ही सुतकात. तरी वहिनीने सकाळी बाजारातून हिरव्या बांगड्या आणल्या आणि अमृतराव घाटाच्या पायरीवर पाण्यात सोडल्या. मी विचारलं, हा कुठला विधी? म्हणाली, "कुठलाच नाही. तिला एकोणिसाव्या वर्षी फोडायला लावल्या होत्या ना, त्या."

क्षमा मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तुझ्याकडून आता आणखी काही घ्यायची माझी हिंमत नाही. तुझी प्रकृती कशी आहे, एवढं कुणाकडून तरी कळव.

वेणीमाधव


शुक्रवार, १५ ऑक्टोबर. सर्वपित्री अमावास्या

चि. ढुंढिराज,

पुन्हा 'चि.' लिहिलंय. या वेळी हात थांबला नाही.

आज दहावा दिवस. काल संध्याकाळी बकुळबाईंनी सोलापूरच्या संचावरून आलेला एक निरोप वाचला. वाचण्यापूर्वी म्हणाल्या, "गुरुजी, पंचवीसच्या आत बसवलाय. तुमच्या भावाने शब्द मोजून दिलेत." मी लिहून घेतला. तुझे शब्द तुलाच परत लिहितोय, बरोबर आलेत का पाहा:

'सावळगावचा यजमान. पत्नीच्या अस्थी घेऊन मुलीसह कार्तिकात काशीला येतो. आमच्या गावची वही ज्यांच्याकडे असेल त्यांनी घाटावर भेटावं. नावं मुलगी सांगेल.'

ना दादा, ना वहिनी, ना घर. यजमान! मी हसलो, मग बराच वेळ खोलीतून खाली आलो नाही. तू तसाच आहेस. मारतोस आणि लागलं का तेही विचारत नाहीस. पण येतो म्हणालास.

मी निरोप घेऊन खाली गेलो आणि अण्णांच्या शेजारी बसलो. पोथी काढली. चौदा वर्षांपूर्वी जिथे मिटली होती तिथून पुढच्या दोन ओळी वाचल्या. त्यांना ऐकू जावं म्हणून ओरडून वाचाव्या लागल्या, त्यामुळे उभ्या गलीने ऐकल्या. समोरच्या खिडकीतून कुणीतरी विचारलं, "क्या हुआ पंडितजी, किस बात का झगड़ा है?"

अण्णा भिंतीला टेकून होते. डोळे मिटलेले. म्हणाले, "पाठ आहे मला."

"काय?"

"त्या ओळी. तू पोथी मिटलीस तेव्हाच मनात म्हटल्या होत्या." मग म्हणाले, "मला वाटलं, उद्या वाचशील."

चौदा वर्षं तो म्हातारा माझ्या तोंडाकडे पाहत होता, आणि मी त्याच्या. मला नियम पुरला, त्याला मान. या दोघांच्यामध्ये तुझं घर बसलं.

आता यजमानांस विनंती. कार्तिकात गर्दी असते, नाववाले अमृतराव घाटाला उतरवतील, ऐकू नका. दुर्गाघाटालाच या. पाय अजून चालत नसेल तर वर चढू नका, मी खालच्या पायरीला असेन. ओळखीची खूण: टकला, पोट आहे, मागे एक बाई उभी असेल, तिच्या हातात बहुधा डबा.

सावळगावच्या वहीत काल कोरं पान घातलं. बेचाळीस हा आकडा वर टाकला आणि लेखणी शाईत बुडवली. तीन नावं मला आता येतात. पहिल्या नावाचं पहिलं अक्षर लिहिणार, एवढ्यात वहिनीने मनगट धरलं.

"थांबा," म्हणाली. "नावं मुलगी सांगणार आहे."

पान कोरंच ठेवलंय.

दादा